आधी टेकू, मग गिअरबॉक्स

क्लच प्लेट जळाली, गिअर पडेनासा झाला, किंवा चालत्या गाडीत गिअरबॉक्समधून घरघर ऐकू यायला लागली, की साखरखेर्ड्यासारख्या गावात गाडीमालकापुढे दोन वाटा असतात. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून मेहकर, चिखली नाहीतर थेट जालन्याला न्यायची, किंवा ओळखीच्या मिस्त्रीला घरी बोलावून अंगणातच काम उरकायचं. पेरणीच्या दिवसांत मिस्त्री ट्रॅक्टरमागे अडकलेला असतो. मग तिसरी वाट सुचते. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, चुलतभावाला हाताशी घ्यायचं आणि आपणच गिअरबॉक्स उतरवायचा. हे काम अशक्य नाही. पाने-गोट्यांचा बरा संच, थोडी ताकद आणि एकदोन दिवसांची सवड असली तर मारुती ८०० किंवा अल्टोचा गिअरबॉक्स घरी खाली येतो आणि परत चढतोही. गिअरबॉक्स बसवण्यात चूक झाली तर पैसे जातात. गाडी उचलून धरण्यात चूक झाली तर माणूस जातो. व्हिडिओत पहिल्या भागावर अर्धा तास असतो आणि दुसऱ्यावर अर्धं मिनिट, म्हणून इथे हिशेब उलटा ठेवला आहे.

टायर बदलताना आपण गाडीच्या बाहेर असतो. जॅक सटकला तर पत्रा चेपतो, आपण दचकतो, आणि गोष्ट तिथेच संपते. गिअरबॉक्सच्या कामात डोकं आणि छाती तासन्‌तास गाडीखाली असते. गंजलेले बोल्ट पान्याला पाइप लावून ओढावे लागतात, म्हणजे गाडीला आडवे हिसके बसतात. जॅक उभा भार पेलतो, आडवा धक्का त्याला सोसत नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: काम पुढे सरकतं तशी गाडीच बदलत जाते. दुपारपर्यंत तिचे शाफ्ट निघालेले असतात, फाउंडेशन सुटलेलं असतं, एका बाजूचं तीस-चाळीस किलो वजन कमी झालेलं असतं. सकाळी घट्ट वाटलेली मांडणी दुपारी तशीच घट्ट असेल असं धरून चालता येत नाही.

यातून या कामाचा मुख्य नियम निघतो. ज्या भागाला हात लावायचा आहे, त्याच्या भरवशावर गाडी उभी ठेवायची नाही. ऐकायला सोपं आहे, पण हाच नियम सर्रास मोडला जातो, तोही तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा म्हणजे ‘गाडी गिअरमध्ये टाकलीय, हलणार नाही’. गिअरमध्ये टाकलेली गाडी थांबते ती इंजिनाच्या अडकावामुळे, आणि तो अडकाव चाकापर्यंत पोहोचतो गिअरबॉक्स आणि शाफ्टमधून. शाफ्ट ओढून काढला त्या क्षणी चाक मोकळं झालं. बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको या गाड्यांत मागच्या चाकांना जोर देणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला की तीच गत. आपणच खाली झोपून आपल्या हातांनी गाडीची अडवणूक सोडवत असतो.

दुसरी तऱ्हा हँडब्रेकची. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची चाकं अधांतरी असतील तर तो ओढलेला असला काय, नसला काय, सारखंच. जुन्या विलिज घराण्यातल्या महिंद्रा जीप अजून कुठे कुठे शेतावर चालतात, त्यांचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. तो शाफ्ट सोडला की हँडब्रेक संपला. एवढंच काय, मागचं एकच चाक उचललं तरी तो निकामी होतो, कारण शाफ्ट अडकलेला असूनही डिफरन्शियलमुळे अधांतरी चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल गडगडतं. अशा जीपच्या मालकाने हँडब्रेक या कामापुरता नाहीच असं समजावं.

तिसरी तऱ्हा टेकूची. समोर इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर असणाऱ्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स बाहेर काढायला खालची आडवी चौकट सैल करावी लागते किंवा पूर्ण उतरवावी लागते. सकाळी घोडी, म्हणजे गाडी धरून ठेवणारा लोखंडी टेकू, लावताना हीच चौकट सगळ्यांत मजबूत दिसते, म्हणून तिच्याखालीच घोडी लागते. दुपारी तिचेच बोल्ट सुटायला हवे असतात, आणि मग गाडी अर्धवट उघडलेल्या अवस्थेत घोड्या इकडच्या तिकडे करायची वेळ येते. ही कसरत फार घातक. काय काय उतरणार आहे याची यादी आधी कागदावर लिहा, आणि त्या यादीतला कुठलाही भाग टेकूखाली येत नाही ना हे बघूनच जागा ठरवा.

अंगण कसं आहे?

हा आपल्या भागाचा खास प्रश्न, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. सिंदखेडराजा, मेहकर, चिखली या पट्ट्यातली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही माती चांगली, पण टेकूला वाईट. पावसाळ्यात वरून सुकलेलं दिसणारं अंगण बोटभर खाली मऊ असतं. उन्हाळ्यात दगडासारखी झालेली जमीन भेगेच्या काठाशी अचानक ढासळते. शेणाने सारवलेलं अंगण कितीही टणक भासलं तरी खाली मातीच असते.

शहाबादी फरशीवरही भरवसा ठेवू नका. फरशीखालची माती दरवर्षी फुगते-आकसते, त्यामुळे खाली पोकळी होते. पाय आपटला की ‘ठक’ऐवजी ‘डब’ असा आवाज येतो तिथे पोकळी आहे असं समजा. जॅकचा तळ तळहाताएवढा, आणि त्यावर तीन-चारशे किलो भार; फरशी सुरीने कापल्यासारखी मोडते. गट्टूंचं म्हणाल तर ते वाळूवर नुसते मांडलेले असतात. भार एकाच गट्टूवर आला की तो एकटाच खाली बसतो. घोडीचा एक पाय अर्धा इंच खाली गेला तरी वर गाडी चांगलीच कलते.

चालतं ते चार इंच किंवा त्याहून जाड, नीट मुरलेलं काँक्रीट. तेही सपाट हवं. इथे पोर्चचा घोळ होतो. पावसाचं पाणी रस्त्याकडे वाहावं म्हणून गवंडी मुद्दाम उतार देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण चाकांना कळतो. गवंड्याकडची लेव्हल पट्टी मागून आणा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे ठेवून बघा. बुडबुडा स्पष्टपणे एका बाजूला पळाला तर त्या जागी हे काम नको. गोदामात, धान्याच्या शेडमध्ये किंवा खळ्यासाठी ओतलेल्या काँक्रीटवर सपाट जागा मिळते. ओळखीच्या माणसाकडे दोन दिवस जागा मागायला संकोच कसला? गॅरेजवाल्याकडे जागा भाड्याने मागितली तरी पुष्कळदा मिळते, आणि अडलं तर विचारायला माणूस शेजारीच असतो.

काँक्रीटवरही प्रत्येक घोडीखाली पाऊण इंची प्लायवूडचा किंवा जाड लोखंडी पत्र्याचा फूट-दीडफूट चौकोन टाका. आणि आधी झाडू मारा. स्वच्छतेची हौस म्हणून हे सांगत नाही. ट्रॉली जॅकला चाकं असतात. त्याचं कारण पुढे येईल. त्या चाकांखाली खडा आला तर जॅक अडतो आणि त्याचं डोकं गाडीखालून सटकतं.

कशावर उभी करायची

जॅक उचलण्यासाठी, घोडी धरून ठेवण्यासाठी. दोघांची कामं वेगळी आहेत. गाडीसोबत आलेला कात्रीसारखा जॅक फक्त रस्त्यावर टायर बदलण्यासाठी दिलेला असतो, तो या कामात पेटीतून काढूच नका. हायड्रॉलिक जॅक दहा टनांचा असला तरी आत रबरी सील असतं आणि तेलावर भार असतो. सील कधी दगा देईल ते आधी कळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी वापरायचा मोठा बाटलीच्या आकाराचा जॅक घरोघरी असतो. ताकद भरपूर, पण बूड लहान आणि उंची जास्त, त्यामुळे आडव्या धक्क्याला तो पहिला लवंडतो. थोडक्यात, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, खाली पडलेला नट काढायलाही नाही.

घोड्या विकत घ्या. पुढचा भाग उचलायचा असेल तर दोन, सगळी गाडी उचलायची असेल तर चार. अल्टोसारख्या गाडीचं वजन साधारण साडेसातशे किलो, त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास पुढच्या बाजूला. बोलेरो सोळाशे किलोच्या घरात जाते. तीन टनी घोड्या दोन्हींना पुरून उरतात, पण खोक्यावरचा तीन टन हा आकडा एका घोडीचा की जोडीचा ते वाचून घ्या. पुष्कळदा तो जोडीचा असतो. खिळीवाली घोडी असेल तर खीळ आरपार गेली पाहिजे. दातेरी खटक्याची असेल तर खटका दातात पूर्ण बसला आहे हे डोळ्यांनी बघा. घोड्यांचा जोड गिअरबॉक्सच्या कामाच्या मजुरीपुढे महाग पडत नाही आणि आयुष्यभर टिकतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलच्या घोड्या करून घेण्याचा मोह होईल. वेल्डिंगवाला कितीही हुशार असो, जोड आतून कसा भरला आहे ते बाहेरून दिसत नाही आणि त्या घोडीवर किती भाराची चाचणी झाली तेही कुणी सांगू शकत नाही. अशा घोड्यांवर धान्याची कोठी ठेवा, गाडी नको.

विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगडांची रास यांचा एक सामाईक दुर्गुण आहे: ते मोडताना आधी कुरकुरत नाहीत. वीट तासभर भार सोसते आणि मग क्षणात भुगा होते. लाकूड तसं नाही. ते आधी दबतं, करकरतं, सूचना देतं. म्हणून घोडीच्या जोडीला किंवा घोडी मिळतच नसेल तर लाकडाची आडवी-उभी चळत हा जुना आणि विश्वासाचा उपाय आहे. वाळलेल्या बाभळीचे किंवा जुन्या रेल्वे स्लीपरचे चार बाय चार इंची, दोन फूट लांबीचे तुकडे घ्या. दोन आडवे, त्यांवर दोन उभे, असं रचत जा. टोकं चार-चार बोटं बाहेर राहू द्या. चळतीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका. ओलं, चिरलेलं, गाठीचं लाकूड नको.

आता आपल्याकडच्या काही खास युक्त्या. ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिकने गाडीचं तोंड उचलायचं, जेसीबीच्या बकेटला साखळी बांधून गाडी टांगायची, कडुनिंबाच्या फांदीला चेनकप्पी लावायची. उचलण्यापुरतं ट्रॅक्टरचं बळ वापरलं आणि लगेच घोड्यांवर उतरवलं तर एक वेळ समजू शकतो. पण टांगलेल्या गाडीखाली माणूस जाणं म्हणजे एका दांडीच्या भरवशावर जाणं. ट्रॅक्टरवर खेळणाऱ्या पोराचा हात दांडीला लागला, पाइप फुटला, तर लिफ्ट खाली येते. तिपाईला लावलेली चेनकप्पी मात्र गिअरबॉक्स किंवा सुटं इंजिन वर-खाली करायला उत्तम. तिला तेवढंच काम द्या.

खड्ड्याचा विचारही येतो, कारण गॅरेजमध्ये तो असतो. गॅरेजचा खड्डा विटा-सिमेंटने बांधलेला असतो. घरी काळ्या मातीत कुदळीने खोदलेल्या खड्ड्याच्या भिंती वर गाडीचा भार आला की आत येऊ शकतात, आणि पावसानंतर तर हमखास. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खड्ड्यात साचते, वास नाकाला सवयीचा होतो, आणि एक ठिणगी पुरते. गाडीला एलपीजीचा संच असेल तर धोका तसाच. खोदू नका.

उचलताना

किती उंच उचलायचं हे आधी मोजा, कारण वाढलेला प्रत्येक इंच गाडीला अस्थिर करतो. गिअरबॉक्स खाली आल्यावर तो बंपरखालून किंवा बाजूने बाहेर सरकला पाहिजे. बदलीचा गिअरबॉक्स आणलेला असेल तर तोच जमिनीवर ठेवून सर्वांत उंच भागापर्यंत टेप लावा, वर चार बोटं धरा. ट्रॉली जॅकसकट तो बाहेर काढायचा असेल तर जॅकची उंचीही मिळवावी लागते आणि आकडा फार वाढतो. त्यापेक्षा गिअरबॉक्स जाड गोणपाटावर उतरवा, जॅक काढून घ्या आणि गोणपाट ओढून बाहेर काढा. पुढचा बंपर आधीच उतरवला तर आणखी दोन-तीन इंचांची सूट मिळते.

जोर लावायची सगळी कामं गाडी जमिनीवर असतानाच उरका. चाकांचे नट पाव फेरा सैल करा. पुढच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत हबच्या मधला मोठा नटही आत्ताच सैल करायचा; तो इतका आवळलेला असतो की पाइपवर उभं राहावं लागतं, आणि तोच झटका घोडीवरच्या गाडीला दिला तर ती घोडीवरून उडी मारते. बॅटरीची ऋण तार आधी काढा. एअर फिल्टर, क्लचची केबल, वरचे बोल्ट असं जे बोनेट उघडून निघतं ते वरूनच काढा. गाडीखालचं प्रत्येक मिनिट कमी करणं हीच या सगळ्यामागची दृष्टी. सायलेन्सर निवू द्या.

मग जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोका. गोल दगड नको, तो चाकासोबत घरंगळतो. हँडब्रेक ओढा, पण तो जादा म्हणून. अडवण्याचं काम पाचरींचं आहे.

पुढचा भाग वर जातो तेव्हा तो सरळ वर जात नाही. मागची चाकं जागेवर असल्याने गाडीचं नाक कमानीत वर जातं आणि थोडं मागे सरकतं. ट्रॉली जॅकची चाकं यासाठीच असतात. जॅक गाडीसोबत लोळला पाहिजे. तो अडला तर त्याचं डोकं सरकतं. बाटली जॅक लोळू शकत नाही, तो नुसता कलत जातो. म्हणून बाटली जॅकने उचलायचं असेल तर एका बाजूने एकदम पूर्ण उंची गाठू नका. डावीकडे तीन-चार इंच, तिथे चळत, मग उजवीकडे तीन-चार इंच, तिथे चळत, पुन्हा डावीकडे. वेळखाऊ आहे, पण गाडी एकीकडे झुकत नाही.

जॅक आणि घोडी कुठे लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह असतं. पुस्तिका हरवली असेल तर शोधा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. सुट्या सांगाड्याच्या, म्हणजे चासीवाल्या बोलेरो-सुमोला चासीच्या लांब पट्ट्या सगळ्यांत उत्तम. अल्टो-वॅगन आरसारख्या गाड्यांत दाराखालच्या पट्टीवर खुणेच्या खाचा असतात, आणि मागे आडवा एक्सल. इंजिनाचा चेंबर, गिअरबॉक्सचं भांडं, पेट्रोलची टाकी, तळाचा पातळ पत्रा आणि गंजलेली कुठलीही जागा टेकूला चालत नाही. गंजाचं खास बघा: दाराखालची पट्टी आतून कुजलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर आवाज बसका येतो.

घोड्या लावल्या, जॅक सावकाश सोडला, भार पूर्ण घोड्यांवर आला. आता गाडीखाली जाण्याआधी तिला हलवून बघा. मडगार्डला दोन्ही हात लावून आडवं ढकला, मग पुढे-मागे, खाली पाना ओढताना लावाल त्याहून जास्त जोराने. पडायची असेल तर आत्ता पडू द्या. घोडीचा पाय उचलला गेला, खटका वाजला, काही सरकलं, तर सगळं उतरवून पुन्हा मांडा. निघालेली चाकं दाराच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी त्या चाकांच्या जाडीइतकी जागा माणसाला उरते. जॅकही काढून नेऊ नका, गाडीला नुसता टेकवून राहू द्या.

खाली असताना

गिअरबॉक्स हा नुसता गाडीचा भाग नसतो, तो इंजिनाचा एक पायही असतो. त्याचं फाउंडेशन सोडलं की इंजिन त्या बाजूला लवंडतं. बोलेरोत गिअरबॉक्सखालचा आडवा तुकडा काढला की इंजिनाचं मागचं टोक खाली येतं. म्हणून बोल्ट सोडण्याआधी इंजिनाला स्वतंत्र आधार द्या. दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडांवर जाड लाकडी वासा किंवा लोखंडी पाइप टाकून साखळीने इंजिन टांगणं सगळ्यांत चांगलं. खालून जॅक लावायचाच तर चेंबर आणि जॅक यांच्यामध्ये रुंद फळी हवी, नाहीतर चेंबर चेपतो आणि त्यातली जाळी बंद होते.

गिअर ऑइल आधी पूर्ण काढा. बोलेरोचं तोंड वर असेल आणि शाफ्ट ओढला तर उरलेलं तेल गिअरबॉक्सच्या शेपटीतून थेट तुमच्या तोंडावर येतं. सांडलेल्या तेलावर लगेच राख किंवा लाकडाचा भुसा टाका. तेलकट काँक्रीटवर जॅकही घसरतो आणि माणूसही.

शेवटचे दोन बोल्ट सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक लावून तो पट्ट्याने जॅकला बांधलेला असला पाहिजे. पैलवानी पद्धत अशी की उताणं झोपून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा. कसलेले मिस्त्री करतात, हे मान्य. पण तीस-चाळीस किलोचं कडेकोपऱ्यांचं धूड हातातून सुटलं तर बरगडी आणि बोटं आपलीच. बसवतानाही तेच: गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांत सरळ सरकला पाहिजे. तो अडकलेला असताना गिअरबॉक्सचा भार शाफ्टवर लोंबकळू दिला तर प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि बोल्ट आवळून जबरदस्तीने ओढला तर भांड्याला तडा जातो. सरळ जात नसेल तर जॅक एक चिमूट वर-खाली करा, गिअरबॉक्स हलवत राहा.

जुन्या क्लचची काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. वीज गेली तर चालेल असा चार्जिंगचा एलईडी दिवा घ्या. तारेला लोंबता काचेचा बल्ब पेट्रोलच्या वाफेत फुटला तर पुढचं सांगायला नको. गळ्यातला रुमाल आणि बोटातली अंगठी घरात ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा.

एकट्याने हे काम करायचं नाही. सोबतचा माणूस मदतीला हवाच, पण त्याहून जास्त पहाऱ्याला हवा. गाडीत कुणी बसणार नाही, दार आपटणार नाही, चावी फिरवणार नाही हे त्याने बघायचं. कामाला दोन दिवस लागले तर रात्री गाडी घोड्यांवर राहील. तिच्याभोवती खाटा, शिडी, दोरी काहीही लावून वाट बंद करा. मुलं चेंडूमागे जातात, शेळ्या सावलीला जातात. चावी खिशात.

आणि तरीही गाडी खाली आलीच, तर माणसाला ओढू नका आणि दहा जणांनी हातांनी गाडी उचलण्याची घाईही नको. हात सुटला की ती पुन्हा त्याच्यावरच येते. छाती दबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटंच महत्त्वाची. म्हणून दुसरा जॅक आणि लाकडाचे तुकडे आधीपासून बाहेर हाताशी ठेवायचे. जॅकने उचलत जायचं, प्रत्येक इंचाला खाली लाकूड सरकवत जायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हातपाय बराच वेळ दबले असतील तर किती वेळ ते डॉक्टरांना सांगा, कारण दाब सुटल्यावरही शरीरात बिघाड वाढू शकतो.

स्वयंचलित गिअरच्या गाड्या, फोर-बाय-फोर आणि एएमटी घरी उघडू नका. त्यांना जुळवणीसाठी संगणक किंवा खास हत्यारं लागतात, आणि वजनही जास्त. पाऊस चालू असेल, काँक्रीटची सपाट जागा नसेल, दुसरा माणूस नसेल, तर मारुती ८०० सुद्धा उघडू नका. बोलेरोला गाडीखाली आधीच बरी उंची असते आणि गिअरबॉक्ससाठी चाकं काढावी लागत नाहीत, त्यामुळे पुढची दोन्ही चाकं भक्कम उतरत्या फळ्यांवर चढवूनही काम होतं. तिथे घोड्यांची उठाठेव कमी, पण मागच्या चाकांच्या पाचरींना दुप्पट महत्त्व.

काम झाल्यावर गाडी खाली उतरवण्याआधी गिअर ऑइल भरा. नव्याने बसवलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल घालायचं राहून जाणं ही नेहमीची गफलत, आणि पुष्कळ गाड्यांत भरायचं बूच खालूनच सापडतं. सगळे पाने बाहेर आले का ते मोजून बघा. जॅकने थोडं उचलून घोड्या काढा, चाकं चढवा, गाडी टेकल्यावर नट फुलीच्या क्रमाने आवळा, हबचा मोठा नटही जमिनीवरच आवळा. पाचरी सगळ्यांत शेवटी काढायच्या. पहिली चाचणी गावातल्या रस्त्यावर, सगळे गिअर हळू टाकून. मेहकर किंवा सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्गावर चढून बघण्याचा मोह आवरा. तिथे मध्येच थांबणं धोक्याचं आणि मागची गाडी शंभरच्या वर वेगाने येत असते. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळा आणि खाली वाकून बघा, जमिनीवर तेलाचा ठिपका आहे का.